माणूस असा का वागतो हे उमगल्यावर तुमचं काम कसं बदललं? (अनुभव धागा)

माझ्या वॉर्डातली चुकांची वही आठ महिने कोरी होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

मी नाशिकच्या एका खाजगी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. औषधाला उशीर झाला, डोस चुकला, इंजेक्शन भलत्याच बेडपाशी नेलं पण वेळेत लक्षात आलं, असं सगळं लिहायला प्रत्येक वॉर्डात एक वही असते. बाकीच्या वह्यांत नोंदी असायच्या, माझी स्वच्छ. मला वाटायचं, माझा वचक आहे म्हणून काम चोख होतंय.

एका संध्याकाळी ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना आधीच्या सिस्टरकडून काम समजून घेताना, सात नंबरच्या पेशंटच्या लॉकरवर अँटिबायोटिकची सीलबंद बाटली दिसली. चार्टवर मात्र दुपारी दोनच्या डोससमोर सही होती. सही करणारी मुलगी सहा महिन्यांपूर्वी लागलेली, कामात चांगली. बाजूला घेऊन विचारलं तर तिचे हात थरथरायला लागले. दुपारी एकाच वेळी दोन पेशंट ओटीतून आले, डोस राहून गेला, लक्षात आलं तेव्हा तास उलटून गेला होता. मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सिस्टर, मागच्या महिन्यात तुम्ही नातेवाइकांसमोर त्या दुसरीला जे बोललात, ते मला स्वतःच्या बाबतीत ऐकवलं नसतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. उशीर झालेला डोस डॉक्टरांना कळवून सावरता आला असता. खोटी सही मात्र माझ्या जिभेमुळे झाली होती. आणि अशा किती सह्या त्या आठ महिन्यांत झाल्या असतील, हे मला आजही माहीत नाही.

पुढे एका प्रशिक्षणात एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेचं काम समजलं. 1990च्या दशकात तिने रुग्णालयांतल्या टीम आणि औषधांच्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी तिची अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. मग खोलात गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. ते ऐकताना मला माझी कोरी वही दिसत होती.

मी एकच गोष्ट सुरू केली. ओव्हर देताना सगळ्यात आधी त्या दिवशीची माझी स्वतःची चूक सांगायची. पहिला आठवडा सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात एकीने हळूच सांगितलं की तिने ड्रिपचा वेग चुकीचा लावला होता आणि दहा मिनिटांत बदलला. मी म्हटलं, लिहून ठेव. त्या महिन्यात वहीत अकरा नोंदी झाल्या. वरून विचारणा झाली, वॉर्ड घसरला का? मेट्रनसमोर बसून मी सगळं समजावून सांगितलं.

तुमच्याकडे असा प्रसंग असेल तर इथे लिहा. पद मोठं असायला हवं असं नाही; चार माणसं तुमच्या शब्दावर चालत असतील तर पुरे. ज्यांना असा वरिष्ठ लाभला त्यांनीही लिहावं. संस्थेचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

चाकण, असेंब्ली लाइन

सिस्टर, तुमची वही वाचून आमच्या लाइनवरची दोरी आठवली. टोयोटाच्या पद्धतीत लाइनवरच्या कुणालाही दोष दिसला की दोरी ओढायची मुभा असते. दिवा पेटतो, टीम लीडर धावत येतो, ठरावीक वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आमच्याकडेही ती आणली. दोरी लावली, प्रशिक्षण झालं, फोटो काढले. तीन महिने कुणी तिला हात लावला नाही.

मग एका दिवशी पुढच्या स्टेशनला सापडलं की 140 ब्रॅकेटांवर वेल्डनटच नाही. आधीच्या स्टेशनवरचा मुलगा लातूरकडचा, ठेकेदारामार्फत आलेला. त्याला पहिल्याच पीसला दिसलं होतं. मी तावातावाने विचारलं, दोरी का नाही ओढलीस? तो खाली बघून म्हणाला, "साहेब, लाइन थांबली की सगळे वळून बघतात. ठेकेदाराच्या पोरानं लाइन थांबवली असं झालं तर उद्या गेटवरच अडवतील."

मी त्याला निष्काळजी समजत होतो. पण तो नीट हिशेब करून गप्प बसला होता. गावी पैसे पाठवायचे होते, खोलीचं भाडं होतं, आणि त्याच्या जागी यायला गेटबाहेर दहा जण उभे होते. त्या हिशेबात 140 ब्रॅकेट कुठे बसतात?

दोन गोष्टी बदलल्या. लाइन थांबली की माझं पहिलं वाक्य असायचं, "कोणी थांबवली?" ते सोडून "काय दिसलं?" विचारायला लागलो. हे तोंडात बसायला मला महिना लागला. दुसरं, दोन जुन्या कायम कामगारांना विनंती केली की सुरुवात तुम्ही करा, कारण तुम्हाला गेटची भीती नाही. पाचव्या आठवड्यात ठेकेदाराकडच्या एका मुलाने पहिल्यांदा दोरी ओढली. दोष नव्हताच, त्याला नुसती शंका आली होती. मी त्याचे आभार मानले. त्या वेळी सगळी लाइन त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी काय करतो ते त्यांना बघायचं होतं.

माण तालुका, सातारा. बचत गटाची अध्यक्ष

मी बोलते आणि मुलगी टाइप करून देते.

आमचा गट बारा जणींचा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही, ही पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ. घरटी एकच बाई घ्यायची असं ठरलेलं, पण गाव भावकीचं. म्हणजे गटात कुणी कुणाची चुलत सासू, कुणी मोठी जाऊ.

शेवयांचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांना विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या. ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले, बँकेचं कर्ज काढलं. मशीन आलं आणि पोत्याखाली झाकून बसलं, कारण दिवसा लाइटच नसायची आणि रात्री येऊन चालवायला कुणाला घरून सोडत नव्हते. हप्ते थकायला लागले. मी चिडून म्हटलं, तुमच्यात कुणालाच काम करायचं नाही.

सगळ्यात धाकटी सून बैठक संपल्यावर मागे थांबली. म्हणाली, "ताई, माझ्या माहेरी असंच मशीन पडून आहे. मला माहीत होतं." मग बोलली का नाहीस गं? तर म्हणे, "आत्याबाई आधी हो म्हणाल्या ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विचारायला मी नेहमी मोठ्यांपासून सुरुवात करायचे. मान द्यायचा म्हणून. एकदा मोठीने हो म्हटलं की खालच्या अकरा जणींची तोंडं बंद. त्या आळशी नव्हत्या की मुक्या नव्हत्या. त्यांना संध्याकाळी त्याच घरात जाऊन भाकरी थापायची होती.

आता आम्ही पैशाचा निर्णय असला की पदराआड धरून तांब्यात दाणा टाकतो. ज्वारी म्हणजे हो, हरभरा म्हणजे नको. पहिल्यांदा केलं ते शेळीपालनाच्या वेळी. तोंडाने सगळ्या हो म्हणाल्या होत्या. तांब्या उपडा केला तर चार ज्वारी आणि आठ हरभरे! थोरल्या आत्याबाई बराच वेळ त्या दाण्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मीसुद्धा हरभराच टाकला होता.

मशीन आता दळणवाल्याला भाड्याने दिलंय, हप्ते फिटत आले.

नागपूर, बँकेतला कर्मचारी

माझा अनुभव खालच्या बाजूचा आहे आणि छोटा आहे. मी बोलताना अडखळतो. मीटिंगमध्ये माझी पाळी आली की "काही नाही" म्हणून मोकळा व्हायचो. चार शाखा बदलल्या, सगळीकडे "याला रस नाही" असा शिक्का. पाचव्या शाखेतल्या मॅडमनी काही न विचारता मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने दोन ओळी लिहून पाठवायच्या अशी पद्धत सगळ्यांसाठीच सुरू केली. सगळ्यांसाठी, हे महत्त्वाचं. माझ्या एकट्यासाठी केलं असतं तर मी मेल्याहून मेल्यासारखा झालो असतो. त्यांची बदली झाली त्याला सहा वर्षं झाली. अजून दर दिवाळीला मी त्यांना फोन करतो, अडखळतच.

डोंबिवली, ट्रेक नेणारा

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट. बेलपाड्यातून सुरुवात, मोठमोठ्या धोंड्यांची घळ, मध्ये दोन-तीन अवघड टप्पे. आम्ही चौदा जण होतो. निम्म्यात पाऊस आला, ऑक्टोबर असूनही. मी सगळ्यांना विचारलं, "ठीक ना? जाऊ या?" तेरा जण म्हणाले, ठीक. मागच्या वर्षभरात दोनदा हुकलेला ट्रेक होता, सुट्ट्या टाकून आलेले लोक होते. अशा वेळी "ठीक" शब्दाचा अर्थ "मी नको म्हणणारा पहिला होणार नाही" एवढाच असतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढच्या टप्प्यावर एक मुलगा मध्येच गोठला. पाय हलेना. त्याला खाली घ्यायला दीड तास गेला आणि नशीब म्हणून कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. खाली आल्यावर एकेक जण कबूल करायला लागला, मलाही भीती वाटत होती, मलाही.

आता मी "ठीक ना?" विचारत नाही. ओला खडक बघितला की आधी स्वतः म्हणतो, "मला इथे भीती वाटते आहे, अजून कुणाला?" आणि सगळ्यात मागे राहणाऱ्याला माझ्या मागोमाग दुसऱ्या नंबरावर घेतो. त्याचा श्वास ऐकू आला की तोंडाने काय म्हणतोय ते ऐकायची गरज पडत नाही. तेव्हापासून आम्ही चार वेळा अर्ध्यातून परतलो आहोत.

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

माझी अर्धी टीम इथे, अर्धी पुण्यात. इथले लोक तोंडावर "हे जमणार नाही" म्हणतात, पुण्यातले "होऊन जाईल" म्हणतात आणि मग डेडलाइन चुकते. दोन वर्षं मी इथल्या मॅनेजरांना समजावत होते की आमचं "हो" म्हणजे "ऐकलं" असं धरा. त्याने काहीही सुधारलं नाही, उलट माझ्याच माणसांना कमी लेखल्यासारखं झालं.

उपयोग झाला तो प्रश्न उलटा केल्यावर. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक रीत आहे. काम सुरू व्हायच्या आधीच समजायचं की ते सपशेल फसलं आहे, आणि का फसलं ते प्रत्येकाने लिहायचं. "होईल का?" या प्रश्नाला नाही म्हणणं आमच्या मुलांना उद्धटपणा वाटतो. पण "फसलंय, कारण सांगा" म्हटल्यावर कारण शोधणं हीच हुशारी ठरते. पहिल्याच वेळी पुण्यातल्या सगळ्यात अबोल मुलीने सात कारणं लिहिली. त्यातली दोन इथल्या कुणाच्याही डोक्यात नव्हती.

सांगली, केटरिंग

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. समजून घेणं फार झालं की त्याचाही त्रास होतो.

माझ्याकडे एक आचारी होता, हाताला सोन्याची चव. बायको गेली आणि तो प्यायला लागला. मला त्याचं दुःख कळत होतं, मी स्वतः त्या घरी जाऊन आले होते. पाच लग्नांच्या ऐन वेळी तो आला नाही. पाचही वेळा मी सांभाळून घेतलं. म्हणजे खरं तर माझ्या वाढपी बायकांनी सांभाळलं. रात्री दोनपर्यंत कांदे चिरले, पहाटे पुन्हा पंगतीला उभ्या. सहाव्या लग्नाआधी त्यातल्या तिघी सोडून गेल्या. जाताना एक म्हणाली, "वहिनी, तुम्हाला त्याचं दुःख दिसतं, आमचे पाय दिसत नाहीत."

हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. मी एकाच माणसाच्या मनात शिरून बसले होते. मग त्याला समोर बसवून सांगितलं: लग्नाचं काम बंद, दिवसाचे डबे करायचे, ज्या दिवशी येशील त्या दिवसाची मजुरी. व्यसनमुक्ती केंद्रात जायचं असेल तर मी सोबत येते. तो रागावून गेला आणि दीड महिन्याने परत आला. तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरीकडे मी दोनदा जाऊन आले, ती नाही आली.

पुणे, ढोल पथक

आमच्याकडे दर वर्षी नवी मुलं येतात आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मी गळतात. आम्ही म्हणायचो, हाताला फोड आले की पळतात. एका वर्षी गळलेल्यांना एकेक करून फोन केले. फोडांचं कुणीच बोललं नाही. "तीन आठवडे आलो, मला कुणी नावाने हाक मारली नाही," असं मात्र पाच जणांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. आता पहिल्या दिवशी प्रत्येक नव्याला एका जुन्या वादकाशी जोडून देतो. ढोल कसा ताणायचा, कमरेला कसा बांधायचा, ते त्यानेच शिकवायचं. गळती थांबली नाही, पण खूप कमी झाली.

रत्नागिरी, निवृत्त मुख्याध्यापक

10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेलं एसएलव्ही-3 बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांसमोर गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. 18 जुलै 1980 रोजी प्रक्षेपण यशस्वी झालं तेव्हा धवनांनी पत्रकार परिषदेला कलामांना पुढे केलं. ही गोष्ट मी वीस वर्षं मुलांना सांगत आलो. मुख्याध्यापक झाल्यावर शिष्यवृत्तीचा निकाल वाईट लागला आणि अधिकाऱ्यांसमोर माझ्या तोंडून निघालं, "वर्गशिक्षकांना विचारा." त्या तरुण शिक्षकाने पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी दोनदा माफी मागितली. तो "असू द्या सर" म्हणाला. पण वर्गातली एकही अडचण त्याने नंतर मला सांगितली नाही, आणि मी निवृत्त होईपर्यंत ते तसंच राहिलं. कुणी पुढे असा चुकला असेल आणि विश्वास परत मिळवला असेल तर कसा, ते मला वाचायचं आहे.

बीड, आता पुण्याजवळ

वरच्या बहुतेक अनुभवांत माणूस ओळखता आला आणि भलं झालं. मला दुसरी बाजू लिहायची आहे.

माझे वडील ऊसतोडीचे मुकादम. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं. पावसाळ्यात कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, ती जोड्यांना वाटायची, आणि दिवाळीच्या आसपास टोळी घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघायचं. उचल फिटेपर्यंत तोडत राहायचं. एक दिवस पडून राहिलं की खाडा. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला मोळ्या डोक्यावर.

वडिलांइतकी माणसाची पारख मी कुणात पाहिली नाही. पहिल्या रात्री ते कोप्यांमधून, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांमधून, फिरायचे, कामाचं एक अक्षर काढायचे नाहीत. कुणाचं पोर तापलंय, कुणाच्या बायकोला दिवस गेलेत, कोण कुणाशी अबोला धरून आहे, सगळं टिपायचे. दिवस गेलेल्या बाईला वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला बसवायचे. भांडणारे भाऊ एका फडात उभे करायचे नाहीत. आणि जो माणूस दोन दिवस चुलीपाशी चहाला आला नाही, तो पळून जायच्या विचारात आहे, हे त्यांना बरोबर कळायचं. त्या रात्री ते त्याच्या कोपीपाशी जाऊन बसायचे. आईच्या दुखण्याची चौकशी करायचे, पोरांना खाऊला पैसे द्यायचे. उठताना एवढंच म्हणायचे, "तुझ्या उचलीला भावाचाबी अंगठा हाय, तेवढं ध्यानात असू दे."

तो माणूस जायचा नाही.

लहानपणी मला वाटायचं, आपला बाप किती मायाळू. मायाळू होतेच. त्यांच्या स्वतःच्या मानेवर उचलीचा दगड होता. एक कोयता पळाला तर तेवढी रक्कम त्यांच्या अंगावर पडायची. पण ज्याला माणसाचं दुखरं ठिकाण कळतं, त्याला तिथे मलमही लावता येतं आणि बोटही दाबता येतं. वडील दोन्ही करायचे, कधी कधी एकाच बैठकीत.

नाशिक, इनचार्ज सिस्टर

तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिताच आलं नाही. मुलींच्या घरचं बरंच मला माहीत असतं, आणि नाइट ड्युटी लावताना मी ते वापरते का, हे मी आज स्वतःला विचारतेय. तुम्ही स्वतः आता माणसं सांभाळता का? हे कसं टाळता?

बीड, आता पुण्याजवळ

एका पार्सलच्या गोदामात रात्रपाळी सांभाळतो. 26 मुलं आहेत. वडिलांची नजर माझ्यात उतरली आहे, ती काढून टाकता येत नाही. कुणाच्या बहिणीचं लग्न आहे, कुणावर सावकाराचं व्याज चढतंय, मला न सांगता कळतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइमला माणसं कमी पडली. माझ्या मनात लगेच एका मुलाचं नाव आलं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, दवाखान्याचा खर्च अंगावर. याला विचारावं, हा नाही म्हणू शकणार नाही. त्याच्याकडे चालत निघालो आणि अर्ध्या वाटेत थांबलो, कारण मी वडिलांसारखाच चालत होतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तक्ता लावला. ओव्हरटाइम आळीपाळीने. ज्याला नको असेल त्याने आपल्या नावापुढे फुली मारायची, कारण लिहायचं नाही, मला सांगायचं नाही, मी विचारणारही नाही. सकाळी पाळी सुटल्यावर बघितलं तर चार फुल्या होत्या. त्यातली पहिली त्याच मुलाची होती.